आरसा काढल्यावर उरलेली जागा

"मामा, हा म्हणतोय लेन्सच लावलेली नाही."

भाची कॅमेरा माझ्यासमोर धरून उभी होती. लेन्स तर लावलेली होती, हाताला गार लागणारी, वजनदार, काळ्या अॅल्युमिनियमची. पण शटर दाबलं की पडद्यावर लेन्स नीट बसवण्याची सूचना यायची. कॅमेऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं बरोबर होतं. त्याच्या ओळखीच्या लेन्सच्या बुडाशी सोनेरी टिकल्यांची एक रांग असते, तिच्यातून दोघांची देवाणघेवाण चालते. या लेन्सच्या बुडाशी नुसते आटे आहेत, बरणीच्या झाकणाला असतात तसे. ती घडली तेव्हा कॅमेऱ्याला लेन्सशी बोलायचं काही कारणच नव्हतं. मी मेनूत शिरलो, लेन्स नसतानाही शटर चालू देण्याचा पर्याय शोधून सुरू केला आणि कॅमेरा तिच्या हातात परत दिला.

कॅमेरा सोनीचा नेक्स-५एन, मिररलेस म्हणजे आतला आरसा नसलेला, २०११ सालचा. लेन्स हेलिओस ४४-२, सोव्हिएत रशियात बनलेली, माझ्या थोरल्या काकांची. भाचीला फोटोग्राफी शिकायची आहे आणि तिचा प्रश्न सरळ होता: हेच घेऊन शिकू, की पैसे साठवून नवीन कॅमेरा घेऊ? त्या दिवशी मी तिला दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण दोन वाक्यांत मावण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

भाऊकाका राजापूरकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांच्याकडे झेनिट-ई होता. दगडासारखा जड. शटरचा सगळ्यात कमी वेग सेकंदाचा तिसावा भाग आणि सगळ्यात जास्त पाचशेवा. कपाळावर प्रकाश मोजणारी सेलेनियमची पट्टी, तिला सेल लागत नसे. पट्टीची सुई बघायची, चकतीवर आकडे जुळवायचे, मग तेच आकडे हाताने लेन्सवर आणि शटरवर लावायचे. छत्तीस फोटोंचा एक रोल काकांना गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरायचा, कधी शिमग्यापर्यंतसुद्धा. फोटो काढायचा म्हटलं की घरातल्या सगळ्यांना ते अंगणात उन्हात उभं करायचे. लेन्सवरचं कडं एफ ८ वर: हा आकडा म्हणजे लेन्समधलं भोक (अॅपर्चर) किती उघडं, आकडा मोठा तेवढं भोक लहान आणि जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट. नेहमी एफ ८ वर. त्यांचे सगळे फोटो पोस्टकार्डाच्या आकाराचे आहेत आणि त्या सगळ्यांत माणसांच्या मागचं कौल न् कौल मोजता येतं.

तेव्हा मला वाटायचं की काकांना तसे फोटो आवडतात. असतीलही आवडत. पण झेनिटमधून स्वतः बघितल्यावर दुसरं कारण कळलं. त्याच्या आतली काच साधी, घासलेली, अंधुक आहे. पडवीत बसून त्या काचेवर कुणाचे डोळे नेमके स्पष्ट झालेत हे ओळखणं फार कठीण. त्यात रोलचा एकेक फोटो मोलाचा. एफ ८ वर थोडं इकडे तिकडे झालं तरी सांभाळलं जातं, एफ २ वर नाही. काकांनी ती लेन्स जवळजवळ तीस वर्षं वापरली आणि तिचा अर्धा भागच वापरला. बाकीचा भाग त्यांना कधी दिसलाच नाही.

तो मला दिसला, आणि दिसला तो आरसा नसलेल्या कॅमेऱ्यामुळे. या कॅमेऱ्यांबद्दल माझं जे काही मत आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आरशाचा कॅमेरा म्हणजे एसएलआर. लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत तिरक्या आरशावर पडून वर जातो, काचेवर चित्र उमटवतो, आणि फोटो घेताना आरसा क्षणभर बाजूला होतो. त्या आरशाला हलायला जागा लागते. म्हणून लेन्स फिल्मपासून बरीच पुढे ठेवावी लागते. काकांच्या लेन्सचं माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसायचा सांधा, एम४२, त्यात माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर. निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५, कॅननच्या जुन्या एफडीचं ४२. सगळे चाळिशीच्या आसपास, पण या तिघांत एकही दुसऱ्याशी जुळत नाही. निकॉनच्या कॅमेऱ्यावर काकांची हेलिओस कशीतरी बसवली, तर ती असायला हवी त्यापेक्षा साधारण एक मिलिमीटर पुढे राहते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण तेवढ्याने जवळचं माणूस स्पष्ट येतं आणि समोरचा डोंगर कधीच येत नाही.

आरसा काढून टाकला की ती सगळी जागा रिकामी होते. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिलिमीटर आहे. ४५.४६ मधून १८ गेले, उरले २७.४६. तेवढ्या जाडीचं एक पोकळ कडं मध्ये घातलं की काकांच्या लेन्सला वाटतं आपण झेनिटवरच आहोत. कड्यात काच नाही, तार नाही. मला ते ७०० रुपयांना मिळालं.

पॅनासॉनिक आणि ऑलिम्पसने २००८ साली मायक्रो फोर थर्ड्स ही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची पद्धत जाहीर केली आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी१ आला. २००९ मध्ये ऑलिम्पसचा ई-पी१, त्यांच्या १९५९ सालच्या 'पेन' कॅमेऱ्याची आठवण ठेवून घडवलेला. २०१० मध्ये सॅमसंगचा एनएक्स१० आणि सोनीचे नेक्स-३ व नेक्स-५. २०१२ मध्ये फुजीचा एक्स-प्रो१. या कंपन्यांना हवं होतं ते छोटं, खिशाजवळ जाणारं यंत्र. लोकांना मात्र त्यातली ती रिकामी जागा आधी दिसली. कॅननने १९८७ मध्ये ईओएस आणताना माउंटच बदललं आणि एफडीच्या लेन्स मागे राहिल्या. मिनोल्टाचंही १९८५ मध्ये तेच झालं. काचा उत्तम होत्या, फक्त त्यांना बसायला घर नव्हतं. वीस-वीस वर्षं कपाटात पडलेल्या त्या लेन्स लोकांनी बाहेर काढल्या आणि या नव्या, अर्धवट तयार झालेल्या कॅमेऱ्यांवर लावून बघितल्या.

अर्धवट म्हणतो ते जाणूनबुजून. मी ५एन २०१४ मध्ये कुणाकडून तरी वापरलेला घेतला. त्याचा मेनू म्हणजे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला अंगणात उतरावं लागतं अशा घरासारखा आहे. त्याला डोळा लावून बघायची खिडकी नाही. ती वेगळी विकत घेऊन वर बसवावी लागते. मे महिन्यात राजापूरच्या उन्हात त्याच्या पडद्यावर मला स्वतःचं तोंड दिसायचं, समोरचं काही नाही. शेवटी काकूच्या जुन्या काळ्या छत्रीखाली उभा राहून फोटो काढले. बॉडीत हाताची थरथर सावरणारी सोय नाही. ऑलिम्पसच्या ई-पी१ मध्ये ती होती आणि जुन्या लेन्सलाही ती चालायची, फक्त लेन्सचं फोकल लेंग्थ, म्हणजे तिच्यावरचा मिलिमीटरचा आकडा, मेनूत हाताने भरावं लागायचं. त्या एका गोष्टीसाठी पुष्कळांनी त्याचा मंद ऑटोफोकस सहन केला. जुनी लेन्स लावली की ऑटोफोकसचा प्रश्नच उरत नाही, हेही खरं.

आता फोकसबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण सगळा जीव तिथे आहे.

आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर मी आधी जुन्या लेन्स लावून पाहिल्या होत्या. कॅननच्या डीएसएलआरचं अंतर ४४ आहे, त्यामुळे एम४२ ची लेन्स पातळशा कड्याने त्यावर बसते. बसते, पण फोकस हुकत राहतो. त्याचं कारण त्याच्या काचेत आहे. ऑटोफोकसच्या काळात ही काच अशी बनवू लागले की चित्र उजळ दिसावं. त्या उजेडाची किंमत म्हणजे लेन्स एफ २ वर उघडी असली तरी डोळ्याला ती एफ २.८ किंवा त्याहूनही बंद असल्यासारखी दिसते. तुम्हाला वाटतं डोळे स्पष्ट आहेत, फोटोत कान स्पष्ट येतात. चूक तुमच्या हाताची नसते. तुम्हाला दाखवलेलं चित्र आणि टिपलेलं चित्र ही दोन वेगळी चित्रं असतात.

मिररलेसमध्ये हे दुसरं चित्रच नाही. सेन्सरवर, म्हणजे फिल्मच्या जागी असलेल्या पट्टीवर, जे पडतं तेच पडद्यावर दिसतं. एक बटण दाबलं की त्यातला हवा तो तुकडा मोठा होतो आणि पापण्यांचे केस वेगळे दिसू लागतात. नेक्स-३ आणि नेक्स-५ ला २०११ मध्ये सॉफ्टवेअर बदलून 'पीकिंग' मिळालं: जिथे कडा तीव्र आहेत तिथे रंगीत रेघा चमकतात, पांढऱ्या, लाल किंवा पिवळ्या. सुरुवातीला मी पीकिंगवर सगळा भरवसा टाकला आणि वर्षभराचे फोटो थोडे थोडे हुकवले. पीकिंग कडा शोधतं, फोकस शोधत नाही. एफ २ वर नाक, भुवया आणि कानातलं डूल हे तिन्ही एकदम लाल होतं. भाचीला मी सांगितलं ते हे: पीकिंगने जवळ जा, मोठं करून पोच. कडं हळूहळू एकदा पुढे, मग मागे, मग पुन्हा थोडं पुढे. चुलीवरचं दूध वर यायच्या बेतात असताना आच जशी कमी-जास्त करतो, तसं.

मी हेलिओस पहिल्यांदा ५एनवर लावून एफ २ वर उघडली ती पडवीत, संध्याकाळी. पडद्यावर काकूचा चेहरा आला आणि मागचं सगळं अंगण विरघळलं. पोफळीच्या झावळ्यांमधून येणारा उजेड गोल गोल ठिपके होऊन तरंगत होता, कडेचे ठिपके किंचित बदामी आकाराचे. मी बराच वेळ शटर दाबलंच नाही. ही लेन्स माझ्या जन्माआधीपासून घरात होती आणि हे तिच्यात तेव्हाही होतं.

या लेन्सचा मूळ आराखडा जेनाच्या झाइसच्या बायोटारवरून आला. चार गटांत सहा काचा. तिच्या 'भोवऱ्या'साठी ती जगभर नावाजली आहे. पार्श्वभूमी चेहऱ्याभोवती फिरल्यासारखी दिसते. जिला भोवरा हवाच आहे तिला आधीच सांगतो की ५एनवर तो फारसा मिळणार नाही. भोवरा चित्राच्या कडांना असतो आणि ५एनचा सेन्सर फिल्मपेक्षा लहान असल्यामुळे त्या कडा बाहेरच राहतात. हेलिओस ५८ मिलिमीटरची, ती तिथे ८७ सारखी वागते, म्हणजे पोर्ट्रेटला छान, पण भोवऱ्याचा आसच तेवढा उरतो. पूर्ण भोवरा हवा तर फिल्मएवढा सेन्सर हवा, आणि मिररलेसमध्ये तो सर्वांच्या आवाक्याकडे यायला सोनीचा ए७, म्हणजे २०१३ साल उजाडावं लागलं. त्याच वर्षी मेटाबोन्स कंपनीने भिंगं असलेला अॅडॉप्टर आणला, तो चित्र ०.७१ पट आकसून लहान सेन्सरवर बसवतो आणि वर उजेडही एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवतो. चीज सुरेख आहे. पण लेन्सपेक्षा महाग कडं घ्यायला माझं मन झालं नाही.

लहान सेन्सरचं खरं दुखणं भोवरा नाही, रुंदी आहे. जुन्या काळची २८ ची रुंद लेन्स ५एनवर ४२ सारखी होते, मायक्रो फोर थर्ड्सवर ५६ सारखी. म्हणजे माजघरात बसलेलं सगळं कुटुंब एका फोटोत घ्यायचं असेल, तर जुन्या लेन्सचा उपयोग नाही. तिथे मी आजही कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी झूम लेन्स लावतो आणि ती तिचं काम चोख करते. सगळं जुनं ते सोनं, असं मी भाचीला सांगितलेलं नाही.

उजेडाची तिरीप हा दुसरा दोष. फिल्मचा पृष्ठभाग मंद असतो, सेन्सरचा चकचकीत. सेन्सरवरून उलटलेला प्रकाश लेन्सच्या मागच्या काचेवर आपटून परत येतो आणि चित्रावर दुधाळ पडदा धरतो. त्यात स्वस्त कड्याची आतली बाजू चमकत असेल तर बघायलाच नको. माझ्या कड्यात मी काळी मखमल चिकटवली, तेव्हा काळे रंग खरे काळे आले.

आणि बुरशी. कोकणात जुनी लेन्स म्हटली की हा विषय टळत नाही.

काकांनी झेनिट चामड्याच्या म्यानात, म्यान लोखंडी कपाटात, आणि कपाट समुद्राकडच्या खोलीत ठेवलं होतं. चामडं ओल धरतं. चार महिने पाऊस, बंद दार, अंधार. बुरशीला याहून आवडतं घर नाही. २०१२ मध्ये काका गेल्यानंतर काकूने ते म्यान माझ्या हातात दिलं. काचेवर उजेड धरला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक फांद्या पसरलेल्या. मुंबईत फोर्टमधल्या एका वयस्कर कारागिराने ती माझ्यादेखत उघडली. काच-काच कापडावर ओळीने मांडली, प्रत्येकीची दिशा पेन्सिलीने लिहिली, पुसली, परत उजेडाकडे धरली. फांद्या गेल्या, पण एका काचेच्या कडेला त्यांचा ठसा राहिला. बुरशीने वरचा लेपच खाल्ला होता. "हे आता निघायचं नाही," तो म्हणाला. "घासलं तर अजून जाईल. राहू द्या." मी राहू दिलं. ऊन समोरून आलं की फोटोच्या एका कोपऱ्यात जरासं धुकं येतं. बाकी काही नाही. आता ती हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर असते आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की तिला मी उजेडात आणतो.

भाचीने मध्येच विचारलं, "पण हे सगळं स्वस्त पडतं म्हणूनच ना?" एकेकाळी पडायचं. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारली की झेनिट, याशिका, कधीतरी पेंटॅक्स मातीच्या मोलाने मिळायचे. मग लोकांना कळलं आणि भाव चढले. शिवाय एक जुनी लेन्स आली की दुसरी खुणावते. माझ्याकडे एकदा सात झाल्या होत्या: पेंटॅक्सची पिवळी पडलेली ताकुमार, जिच्या काचेतल्या थोरियममुळे तो पिवळेपणा येतो आणि उन्हात ठेवली की हळूहळू उतरतो, मिनोल्टाची एक रोकोर, आणखी काही. त्या वर्षी मी लेन्स जास्त बदलल्या आणि फोटो कमी काढले. सहा देऊन टाकल्या. स्वस्ताईसाठी हा रस्ता धरायचा नाही, हे मी तिला फार निक्षून सांगितलं.

धरायचा तो वेगळ्या कारणासाठी. हेलिओसला दोन कडी आहेत: एकावर अॅपर्चर ठरवून ठेवायचं, दुसऱ्याने उघड-बंद करायचं. झेनिटवर हा ताप होता, कारण बंद केलं की काच काळोखी व्हायची. मिररलेस तो काळोख स्वतः भरून काढतो. त्यामुळे कडं सावकाश फिरवलं की चित्राची खोली डोळ्यांसमोर वाढताना दिसते: आधी नाक-डोळे, मग कान, मग मागचा खांब, मग अंगण. पुस्तकात अॅपर्चर वाचून जे मला दोन वर्षं नीट कळलं नाही, ते भाचीला पाच मिनिटांत बोटांनी कळलं. १९७० च्या दशकात जी उणीव होती, ती २०११ च्या यंत्रावर शिकवणी झाली. आणि हे शिकवायला जुना ५एन पुरतो. नवा कॅमेरा हेच करेल, जास्त चांगल्या खिडकीतून. पण त्याच्याबरोबर येणारी लेन्स तिला बहुधा अॅपर्चरचं कडं असं फिरवू देणार नाही.

या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांपैकी किती आता स्वतःच बेघर झालेत, हा विचार मला स्वस्थ बसू देत नाही. सॅमसंगने एनएक्स सोडलं. निकॉनची 'निकॉन १' मालिका बंद झाली. ऑलिम्पसचा कॅमेऱ्याचा धंदा २०२१ मध्ये दुसऱ्यांच्या हाती गेला. एनएक्सच्या चांगल्या लेन्सना तर दुसरीकडे जाणंही अवघड, कारण त्यांचं अॅपर्चर विजेवर चालतं. कॅमेरा नाही तर कडंही नाही. काकांची लेन्स मात्र, आटे शाबूत आहेत तोवर, पुढच्या कुठल्याही यंत्रावर बसेल.

दिवाळीत आम्ही राजापूरला गेलो. भाचीने काकूला पडवीत बसवलं. "आजी, जरा थांब हं." कडं पुढे, मागे, परत थोडं पुढे. एफ २. फोटो फार सुरेख आला: डोळ्यांतली खिडकी, चष्म्याची दांडी, आणि मागे नुसता हिरवा उजेड. तिने तो काकूला दाखवला. काकूने पडदा लांब धरला, मग जवळ धरला.

"चांगलाय गो. पण मागची जास्वंद खंय गेली? ती ह्यांनी लावलेली."

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. तिने कमी उजेडात भागावं म्हणून आयएसओ १६०० केला, जो काकांच्या रोलला कधी मिळाला नाही, खांबाला खांदा टेकवला आणि हेलिओसचं कडं एफ ८ पर्यंत फिरवत नेलं. पडद्यावर अंगण परत आलं, कौलं आली, जास्वंद आली, तिच्यावरची दोन फुलंही आली.

"हां," काकू म्हणाली, "हो फोटो मला दी."